उपचार पूर्ण

उस्मानपुरा,
१२ ऑगस्ट २०२४

बद्री,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट टोपलीत टाकण्याआधी एवढं वाच, की यात जमिनीच्या वाटणीचं काही नाही, भाऊबीज बंद केलीस त्याचं रडगाणं नाही, आणि मोनिकाच्या लग्नाला सख्ख्या आत्याला बोलावलं नाहीस त्याचा जाबही नाही. फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. पत्र वेरूळच्या दुकानावर मुद्दाम टाकते आहे. घरी आलं असतं तर भावजयीने आधी वाचलं असतं, आणि हे आधी तू वाचलेलं बरं.

मी हल्ली काय करते हे तुला कुणी सांगितलं नसेल. क्षयरोगाच्या कामात कंत्राटावर लागले आहे. पेशंट बघणं माझ्याकडे नाही, त्यांच्या नोंदी बघणं आहे. टीबी झालेल्या प्रत्येक माणसाची संगणकात नोंद होते, आणि एकच माणूस दोन ठिकाणी दोनदा लिहिला जातो. असे जोड शोधायचे आणि एक करायचे. तू हसशील, म्हणशील की अक्काला या वयात बरा टाइमपास मिळाला. पण कुणी औषध अर्ध्यावर सोडलं असेल तर अंगातले जंतू त्या औषधाला सरावतात. पुन्हा तेच औषध दिलं तर ते पाण्यासारखं जातं. मग वेगळी तपासणी लागते, वेगळी औषधं लागतात. डॉक्टरला हे कळणार मागच्या नोंदीवरून, आणि मागची नोंद सापडली नाही तर पेशंट नवाच.

आपल्याकडे बायकांच्या नोंदी सापडत नाहीत, त्यात मी मुरलेली आहे. पोरगी सासरी गेली की बापाचं नाव जातं, आडनाव जातं, पुष्कळदा पहिलं नावही उंबऱ्याच्या आत येत नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या-नव्या नोंदी जुळवत आम्ही मान मोडून बसलो होतो. बाईचं नाव बदलतं तेव्हा कुणी जुळवत नाही.

गेल्या आठवड्यात संगणकाने माझ्यापुढे एक जोडी ठेवली. एक मोनिका बद्रीनाथ, आपल्या गावची, दोन वर्षांपूर्वीची. शेवटचा शेरा 'उपचार पूर्ण'. दुसरी मेघा सुदर्शन, बजाजनगरची, यंदाच्या जूनमधली. जन्मतारीख एक. संपर्काचा फोन एक. तो फोन तुझा आहे.

मेघा कोण हे मला कुठून ठाऊक असणार? गावातल्या फकिराला विचारलं तेव्हा कळलं, की तिच्या थोरल्या जावेचं नाव मोनिकाच. एका घरात दोन मोनिका नकोत म्हणून आपल्या पोरीची मेघा झाली.

बद्री, तिला पुन्हा टीबी झाला आहे. बजाजनगरातल्या एका खाजगी दवाखान्यात छातीचा फोटो काढून निदान केलं, बेडका तपासलाच नाही. 'आधी टीबी झाला होता का' याच्यापुढे 'नाही' लिहिलं आहे. नव्या पेशंटची साधी औषधं चालू आहेत आणि वजन उतरतं आहे. तिने सहा महिन्यांच्या गोळ्या तीनच महिने घेतल्या, मग मुहूर्त निघाला. तेव्हा मी काय म्हणाले आणि तू मला काय म्हणालास ते उगाळत नाही. 'उपचार पूर्ण' हा शेरा कुठून आला तेही विचारत नाही.

आमच्या कार्यालयात मिहिर म्हणून तरुण डॉक्टर आहेत. त्यांना मी हा संशय सांगितला, पोरगी माझी भाची आहे हे मात्र सांगितलं नाही, सासरपर्यंत गेलं असतं. त्यांनी त्या दवाखान्यात फोन केला, तिथल्या डॉक्टरने पेशंटला विचारलं. सासू शेजारी उभी होती. पोरगी नाही म्हणाली. झालं, माझ्या संशयाला काडीचीही किंमत उरली नाही.

तू बाप आहेस. तिच्या डॉक्टरला फोन करून सांग, की हिने आधी औषध घेतलं आहे आणि मध्येच सोडलं आहे. एवढंच. दवाखान्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. सासूला कळायचं काही कारण नाही. पेशंटची माहिती अशी बाहेर लिहिल्याबद्दल माझी नोकरी जाऊ शकते, म्हणून वाचून झाल्यावर पत्र जाळलंस तरी चालेल. पण आधी फोन कर.

उमाअक्का


उस्मानपुरा,
५ सप्टेंबर २०२४

बद्री,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती म्हणते, पण रोज पोस्टमनची वाट बघते.

काल त्या दुसऱ्या नोंदीत आणखी एक शेरा सापडला. पेशंटला सरकारकडून फोन जातो. गोळ्या चालू आहेत का, उलट्या होतात का, असं विचारतात. मेघाच्या नोंदीवर तुझा नंबर, म्हणून तो फोन तुझ्याकडे आला. पलीकडच्या मुलीने लिहून ठेवलं आहे, 'नंबर चुकीचा, या नावाच्या पेशंटला ओळखत नाहीत.' पुन्हा एकदा फोन गेला, पुन्हा तेच.

तुला मेघा नावाचं कुणी माहीत नाही, असं तू सांगितलंस. खरंही असेल म्हणा, तुझ्या तोंडात मोनिकाच असणार. पण तिने दवाखान्यात तुझाच नंबर का दिला असेल? नवऱ्याचा होता, दिराचा होता. तिला वाटलं असेल की निदान बापाला फोन जाईल आणि बाप विचारेल. तिला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून तिने तुझा नंबर दिला, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर लिही.

मी बजाजनगरला जाऊन आले. कार्यालयाचं ओळखपत्र गळ्यात घालून, बेडक्यासाठी डबी घेऊन. लग्नाला बोलावलं नाहीस त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. त्या घरात मला कुणी ओळखत नाही.

सुदर्शन कंपनीत पाळीवर गेला होता. सासू, दगडाबाई, दारातच ज्वारी निवडत बसली होती. वाईट बाई नाही. बसायला चटई टाकली, उन्हाचं आलात म्हणाली. मग आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "मोनिका, पाणी आण गं." मी कोपऱ्यात बसलेल्या आपल्या पोरीकडे बघितलं. तिने मानही वर केली नाही. पाणी घेऊन थोरली जाऊ आली.

आपली पोरगी भिंतीला टेकून बसली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं आणि मग बोलणं होईपर्यंत माझ्या ओळखपत्राकडे बघत राहिली. मी सरकारी आवाजात विचारलं, की याआधी कधी या आजाराचं औषध घेतलं होतं का. नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं औषध ठरतं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमची कायतरी चूक होतीय. मला आधी कधीच काय झालं नाय."

मी तिला जन्मल्याबरोबर मांडीवर घेतलेलं आहे. तिचं मोनिका हे नाव बाराव्या दिवशी मीच कानात सांगितलं होतं. मी म्हणाले, "बरं, मग तसं लिहिते." काय करणार होते? दगडाबाई शेजारीच होती. ती म्हणाली की त्यांच्या घराण्यात असलं दुखणं नाही, सुनेला हवा लागली, डॉक्टर चांगला आहे, उतार पडेल. डबी ठेवून आले. सकाळी उठल्याबरोबर, खोल खोकून, असं समजावून आले.

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. रिक्षावाला म्हणाला, कुणी गेलं का मावशी. मी म्हणाले, अजून नाही.

दवाखान्याला फोन कर, बद्री. हात जोडते.

अक्का


उस्मानपुरा,
१४ ऑक्टोबर २०२४

बद्री,

डबी परत आली. आत नुसती लाळ होती. लाळेवर तपासणी होत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिने मुद्दाम तसं केलं की तिच्याने खोकवलं नाही, देव जाणे. डॉ. मिहिर म्हणाले पुन्हा मागवू. दुसऱ्यांदा गेले तर दगडाबाईने दारातूनच सांगितलं, "पोरीला औषध चालू हाय. सारखं सारखं सरकारी माणूस दारात आलं की शेजारी इचारतेत. येऊ नका बाई."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गल्लीतल्या लोकांच्या तोंडाला हात कुणी लावावा? गावातली आशाताई मोनिकाकडे गोळ्या घेऊन यायची तेव्हा तू तिला मागच्या दाराने ये म्हणत होतास. मग दगडाबाईवर कशाला रागवायचं?

मला आता एक गोष्ट कळली आहे, ती लिहितेच. आमच्या कार्यालयात एक जुने कर्मचारी आहेत, त्यांना मी सहज विचारलं, की लग्न होऊन पोरगी दुसऱ्या गावी गेली आणि औषध चालू असलं तर काय करतात. ते म्हणाले, नोंद सासरच्या केंद्राकडे पाठवायची. मग तिथला माणूस घरी जातो, पत्ता तपासतो, गोळ्या देतो. घरी जातो, बद्री. तेव्हा मला शेऱ्याचा अर्थ लागला. नोंद बजाजनगरला गेली असती तर सासरच्या दारात माणूस उभा राहिला असता. तो राहू नये म्हणून तू नोंद गावातच संपवून टाकलीस. लग्नाचं घर, पोरीच्या जन्माचा प्रश्न, असं म्हणून कुणाचे तरी पाय धरले असशील. समोरचाही माणूसच, लेकीबाळी असलेला. त्याने दोन शब्द लिहिले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या आईचं आवडतं वाक्य. पण ती मूठ तुझ्या हाताची नाही, पोरीच्या छातीची आहे.

दिवाळीला ती माहेरी येईल ना? तिथे दगडाबाई नसेल. तू तिला घेऊन सरळ घाटी दवाखान्यात ये, मी दारात उभी राहते. सासरी काय सांगायचं ते मी बघते. थंडीताप म्हणू, पाय घसरला म्हणू. खोटं बोलायला मी तयार आहे. फक्त डॉक्टरशी खोटं नको.

उमाअक्का


उस्मानपुरा,
८ नोव्हेंबर २०२४

बद्री,

भाऊबीजेला मी न बोलावता आले आणि तू पाटावर बसलास, याबद्दल तुझे उपकार. ओवाळताना तुझ्या डोळ्यांत बघत होते, तू निरांजनाकडे बघत होतास. 'ओवाळणी नको, पोरगी माझ्याबरोबर पाठव' असं मी म्हणाले तेव्हा तू जे बोललास ते माझ्या कानातून जात नाही. "अक्का, तुझं मोडलं म्हणून सगळ्यांचं मोडायचं का तुला?"

माझं मोडलं ते खरंच आहे. वीस वर्षं एकटी राहते, त्याची तुला लाज वाटते हे मला माहीत आहे. पण मी जिवंत आहे. नवऱ्याने सोडलेली बाई उस्मानपुऱ्यात खोली घेऊन, नोकरी करून, दोन वेळा गरम जेवून राहू शकते. तू तुझ्या पोरीसाठी ज्याला एवढा भितोस, ते माझं रोजचं जगणं आहे. इतकं काही वाईट नाही रे.

तू बघितलं नाहीस ते सांगते. मी एस्टीच्या थांब्यावर बसले होते. मोनिका मागून आली, धाकट्या स्वरालीच्या खांद्यावर हात टेकत. एवढ्या अंतरात तिला दोनदा थांबावं लागलं. पदराखालून तिने डबी काढली, सकाळी आल्या आल्या मी तुझ्या ओट्यावर ठेवली होती तीच. म्हणाली, "आत्या, आजचं सकाळचं हाय. खोलातलं हाय." मी ती पिशवीत ठेवली. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुला मॅडम म्हणले. राग नाय ना आला?"

मी तिला जवळ घेतलं. हाडं लागली नुसती. स्वराली बाजूला उभी राहून रडत होती, तिला विचार.

डबी दुसऱ्या दिवशी तपासणीला दिली. परवा निकाल आला. मला जी भीती होती तेच आहे. नेहमीच्या मुख्य औषधाला तिचे जंतू दाद देत नाहीत. जूनपासून घेतलेल्या गोळ्यांनी तिच्या दुखण्याला फार तर हसू आलं असेल.

डॉ. मिहिर स्वतः बजाजनगरला गेले आणि सुदर्शनशी बोलले. तो मुकाट्याने तिला घाटीत घेऊन आला. नवीन औषधं सुरू झाली आहेत. फुप्फुसं किती उरली आहेत त्यावर आता सगळं आहे, असं ते म्हणाले. तू येऊन जा. वॉर्डात कुणी विचारलं तर तू बाप आहेस असं सांगायला आता हरकत नाही, घरात सगळ्यांना टीबी माहीत आहे. फक्त पहिला माहीत नाही.

अक्का


उस्मानपुरा,
१९ डिसेंबर २०२४

बद्री,

स्मशानात तू पुढे होतास, मी मागे बायकांत. दगडाबाई माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "सरकारी बाई असून तुमी दवाखान्यात रोज येत होत्या. आमच्या मेघाच्या कुणीबी नव्हत्या तुमी." बाई ऊर बडवत होती, 'मेघे, मेघे' म्हणत होती. तूही तिथेच होतास. तू काय म्हणून रडलास ते मला ऐकू आलं नाही.

आज कामावर गेले. मेघा सुदर्शन या नोंदीपुढे कुणीतरी 'मृत्यू' भरलं आहे. दुसऱ्या खिडकीत मोनिका बद्रीनाथ उघडली. 'उपचार पूर्ण'. ती तशीच आहे, ठणठणीत, एकवीस वर्षांची, आपल्या गावात. असल्याच नोंदींवरून आमच्याकडे टक्केवारी काढतात, तक्ते होतात, मोठे लोक मान डोलावतात की बरे होणारे वाढले. तुझी पोरगी त्यांच्यात मोजली गेली आहे.

मला आज पुढे लिहवत नाही.

अक्का


उस्मानपुरा,
२० जानेवारी २०२५

बद्री,

तुझं पत्र मिळालं. इतक्या महिन्यांत पहिलं. 'अक्का, झालं ते झालं. मोनिकाची जुनी नोंद हाय तशी राहू दे. स्वरालीला बघायला फुलंब्रीचे पाहुणे यायचेत. थोरलीला आधीपासून टीबी होता हे फुटलं तर धाकटीला कोण करून घेईल.' अक्षर थरथरलं आहे. तुझं वय झालं रे.

उशीर झाला. दोन्ही नोंदी मी आधीच एक केल्या आहेत, डॉ. मिहिर यांची सही घेऊन. 'उपचार पूर्ण' काढलं, 'उपचार मध्येच थांबला' लिहिलं. तिच्याजवळ झोपणाऱ्या, तिच्या ताटात जेवणाऱ्या प्रत्येकाची आता त्याच पद्धतीने तपासणी होते. नवा पेशंट समजून कुणी उगाच महिने घालवत नाही. पाहुण्यांना संगणक दिसत नाही, तेवढी काळजी करू नकोस.

सुदर्शनची तपासणी झाली. त्यालाही लागण आहे, तिच्यासारखीच, साध्या औषधाला न जुमानणारी. पण लवकर सापडली आणि औषध पहिल्या दिवसापासून योग्य आहे. तो वाचेल, असं सगळे म्हणतात.

आज तो गोळ्या न्यायला आला. सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन बसला. मला वाटलं, आता विचारेल की बायकोला असला चिवट टीबी एकदम कुठून आला. सांगून टाकायचं असं मी ठरवलंही होतं. मी कोण, तिला आधी काय झालं होतं, सगळं. मी सुरुवात केली, तर त्याने हात वर करून थांबवलं.

"आत्या, मला माहीत हाय," तो म्हणाला. मी कोण हेही तिने त्याला सांगितलेलं होतं. "तिनं लग्नाच्या आधीच सांगितलं होतं."

सुपारीच्या दिवशी तुम्ही दोघांना बोलायला मळ्यात पाठवलं होतं, तेव्हा. म्हणाली, मला टीबी आहे, गोळ्या चालू आहेत, अजून तीन महिने राहिल्यात. नको असेल तर आत्ताच नाही म्हण, मी काही बोलणार नाही. तो हो म्हणाला. फक्त आईला सांगू नको म्हणाला, पुढचं मी बघतो.

आणि त्याने बघितलं, बद्री. लग्नानंतर पंधरवड्यात, आईला कामावर जातो सांगून, तो तिथल्या आरोग्य केंद्रात गेला. तुझ्या पोरीचं माहेरचं नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, उरलेल्या गोळ्या मागितल्या. तिथल्या माणसाने संगणकात बघितलं.

"त्ये म्हणले, हिचा उपचार पूर्ण झालाय, आता गोळ्या कशाला? बरी झाली ती. मला लई आनंद झाला, आत्या. येताना पेढे घेऊन गेलो. आईला म्हणलो, पगार वाढला."

मी विचारलं, मोनिका काय म्हणाली. ती म्हणाली होती की माझ्या गोळ्या राहिल्यात, मला माहीत आहे. तर याने तिला समजावलं. सरकारचा संगणक खोटं कशाला बोलेल? तुझ्या शरीराला झेपलं असेल लवकर. तिने पेढा खाल्ला. पुढे खोकला सुरू झाला तेव्हा दवाखान्यात आई शेजारी उभी होती, दोघंही बोलले नाहीत. आधीचा तर पूर्ण बरा झाला होता, मग उगाच कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं. ते आता त्याला गिळवत नाही, उलटवतही नाही.

म्हणजे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी. एकट्या डॉक्टरला माहीत नव्हतं. तू ज्या घराला भिऊन ती नोंद संपवलीस, त्या घरातला एक माणूस तिच्या गोळ्या मागायला गेला होता. त्याला तुझ्या दोन शब्दांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं.

निघताना तो म्हणाला, "मामांना यातलं काय सांगू नका. त्यांना नाय सहन व्हायचं. मी केंद्रात गेलतो, हे कळू देऊ नका त्यांना." त्याच्या आईबापाने पोरगा चांगला वाढवला आहे. मी त्याला हो म्हणाले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. त्याला शब्द दिला होता, तो मोडते आहे. आपल्या घरात आणखी एक झाकलेली गोष्ट माझ्याच्याने सांभाळणार नाही.

दिवाळीत स्वरालीने बहिणीच्या शेजारी अंथरूण टाकलं होतं. तिला येत्या सोमवारी घेऊन ये. थुंकी सकाळची लागते, म्हणून पहिल्या एस्टीने निघा. फुलंब्रीच्या पाहुण्यांना कळव की महिनाभराने या. का ते विचारलं तर खरं सांग, आणि तेवढ्यावरून ते आले नाहीत तर ते घर आपल्या पोरीसाठी नव्हतं.

सोमवारी आला नाहीत तर मंगळवारी मी येते. दुकानावर नाही, घरी.

उमाअक्का